जयराम धुरीचे कान

"जयराम, तुझ्या कॅसेटीत शिटी वाजता रे," गंगारामबुवांनी कॅसेट काउंटरवर ठेवली आणि खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली. कुणकेश्वराहून कट्टा गावाला येताना त्यांना दोन एसट्या बदलाव्या लागल्या होत्या. एवढ्या उन्हात सत्तरीचा माणूस निव्वळ तक्रार करायला आला म्हणजे तक्रार खरी असणार, हे जयरामला कळत होतं.

त्याने कॅसेट उचलली. महाशिवरात्रीच्या जत्रेत विकण्यासाठी बुवांच्या मंडळाने त्याच्याकडे शंभर कॅसेटी सांगितल्या होत्या. ही नमुन्याची पहिली. चारच दिवसांपूर्वी त्याने ती स्वतः पुरी ऐकून, लेबल चिकटवून पाठवली होती.

त्याने ती डेकमध्ये घातली. बुवांचा आवाज आला, पेटी आली, पखवाज आला. जयराम कान देऊन उभा राहिला.

"ही बघ," बुवा म्हणाले.

"खंय?"

"ही काय. सारखी वाजता."

शेजारचा चहावाला शिवा कपबशा परत न्यायला आला होता. जयरामने त्याला विचारलं, "तुका आयकाक येता?"

"येता मां," शिवा म्हणाला. "कुकर लांब खंयतरी लावलेलो आसा तशी."

जयरामला काहीच ऐकू येत नव्हतं. तो म्हणाला, "टेपांचो लॉट खराब आसतलो. मी बघतंय, बुवांनू. तुमी काळजी करू नकात."

"जत्रेक वीस दिस ऱ्हवले हत," एवढंच म्हणून बुवा स्टँडकडे गेले.

जयरामची वीस वर्षं लाऊडस्पीकर भाड्याने देण्यात गेली होती. लग्न, जत्रा, निवडणूक, सत्यनारायण, जिथे कर्णा लागेल तिथे तो. माडाला बांधलेला कर्णा वाजतोय की नाही हे बघायला तो सवयीने कान त्याच्या तोंडाशी नेत असे. पुढे गावोगाव कॅसेट प्लेअर आले, तेव्हा त्याने कर्णे एका पुतण्याला देऊन टाकले आणि स्टँडसमोरच्या गाळ्यात रेकॉर्डिंगचं दुकान घातलं. मागच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. दोन डेक मुंबईहून आणले. मिक्सरची पेटी स्वतः जोडली. चार वर्षांत तळेऱ्यापासून मालवणपर्यंतची भजनी मंडळं त्याच्याकडे येऊ लागली, कारण काम नेटकं. डेकचं हेड रोज स्पिरिटने पुसलेलं. टेप मशीनमध्ये जाण्याआधी लेबलावर नाव आणि तारीख लिहिलेली. रेकॉर्डिंग संपलं की मूळ कॅसेटच्या पाठीवरचे दोन दात तो लगेच मोडून टाकी, म्हणजे तिच्यावर चुकून काही भरलं जाऊ नये. कॉपी नेहमी मुळावरूनच, कॉपीवरून कधी नाही.

एकच्या सुमाराला त्याची बायको सुगंधा जेवणाचा डबा घेऊन आली. त्याने डबा बाजूला ठेवला.

"जरा हय बस गो. ह्यां आयक."

"जेवन थंड होतला."

"होवंदे. काय काय आयकाक येता तां सांग."

ती स्टुलावर बसली. "बुवा गातत. पखवाज आसा. झांज आसा. आणि ती शिटी."

"खयची शिटी?"

"सगळ्याच कॅसेटींत असता ती. गेल्या गणपतीपासून. माका वाटला, मशीन असाच वाजता."

जयरामने मनात हिशेब केला. गेल्या गणपतीपासून म्हणजे सोळा-सतरा मंडळं. "माका सांगूक नाय तां?"

"तुमका मी काय सांगू? तुमी दिसभर कानाक लावन बसतास." मग तिचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. "एक वाजलो बघा. जेवा आता."

"तुका कसा कळला?"

"घड्याळ वाजला मां."

ते काळं आकड्यांचं घड्याळ त्याच्या भाच्याने दुबईहून आणलं होतं. ते तासातासाला पीप करी. गेल्या पावसाळ्यात त्यात पाणी गेलं आणि पीप बंद पडली, अशी जयरामची समजूत होती. तसं तो चारचौघांत बोललाही होता.

तो जेवला. दोन वाजायला पाच मिनिटं असताना त्याने घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं. सुगंधा समोर भांडी आवरत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली. त्याने घड्याळ खाली घेतलं, आकडे बघितले. दोन वाजून गेले होते.

मालवणला डॉक्टरने त्याच्या कानांशी नादकाटे वाजवून पाहिले. "काम काय करता?"

"लाऊडस्पीकरचं करत होतो. आता रेकॉर्डिंग करतो."

डॉक्टरने नादकाटे खाली ठेवले. "खालचे आवाज तुम्हाला चांगले ऐकू येतात. बोलणं समजतंय, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. वरचे गेलेत. नस मेली की परत येत नाही. आहे ते जपा."

"गोळ्या वगैरे?"

"नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मिक्सर उघडला आणि सुगंधाला जवळ बसवलं. चूक सापडायला फार वेळ लागला नाही. वर्षभरात त्याला झांज दबलेली वाटू लागली होती, म्हणून तो ट्रेबलचं, म्हणजे वरच्या आवाजाचं, बटण थोडं थोडं चढवत गेला होता. आता ते शेवटाला टेकलं होतं आणि तेवढ्यावर मिक्सरमधलं एक सर्किट स्वतःच शिट्टी मारत होतं. त्याने माइक चालू ठेवून बटण हळूहळू उतरवलं.

"गेली शिटी," सुगंधा म्हणाली. "अजून उतरवा. अजून. आता बरा."

बटण मध्यावर होतं. जयरामला मात्र सगळे आवाज कांबळ्याखालून येत असल्यासारखे वाटले. बरोबर आवाज म्हणजे हा, हे त्याला आता दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानायचं होतं.

बुवांचं रेकॉर्डिंग मात्र शिट्टीसकट झालं होतं. वाजवताना ट्रेबल खाली ओढला तर शिट्टी दबत होती. त्याने तशी एक कॉपी काढली आणि सुगंधाला ऐकवली.

"शिटी नाय," ती म्हणाली. "पण झांज खंय गेली?"

"शिटीबरोबर ती पण गेली."

"मगे तां भजन कसला?"

बुवांनी ती कॉपी कदाचित घेतलीही असती. लॉट खराब होता म्हणून सांगितलं तर कोणाला काही कळलंही नसतं. दोन दिवस जयरामने त्यावर विचार केला. रेकॉर्डिंगवाल्याचे कान गेले ही बातमी पसरायला एक जत्रा पुरे. मग मंडळं कणकवलीच्या माणसाकडे गेली असती, आणि त्यात त्यांची काही चूकही नसती. पन्नाशीला आलेला माणूस पुन्हा माडावर चढून कर्णे बांधणार नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो कुणकेश्वरला गेला.

बुवा खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते. जयरामने पाणी घेतलं आणि सरळ सांगून टाकलं. "बुवांनू, टेप खराब नव्हती. माझे कान गेले. वरचो आवाज माका आयकाक येणा नाय."

बुवांनी हातातली सुपारी पुरी सोलली. "कधीपासून?"

"माका आठ दिसांपूर्वी कळला. शिटी लोकांका त्याच्या आधीच कळली."

बुवा हसले नाहीत. पुढची सुपारी घेत ते म्हणाले, "माझो वरचो सूर गेलो त्येका तीन वर्सां झाली. मी पट्टी उतरवलंय. मंडळाक काय बोलूक नाय. सगळ्यांका म्हायत आसा, कोण बोलणा नाय."

कुंपणाशी कोंबड्या माती उकरत होत्या. थोड्या वेळाने बुवांनी विचारलं, "परत रेकॉर्डिंग केलां तर आयकतलो कोण?"

"माझी बायल. सुगंधा."

"तिका भजन कळता?"

"भजनाचा ठावक नाय. खंय काय खरखरता तां तिका बरोबर कळता."

"बरां," बुवा म्हणाले. "आयतवारी येतंव."

त्या चार दिवसांत जयरामने सुगंधाला जमेल तेवढं शिकवलं. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे आधी बघायचं नाही, आधी ऐकायचं. आवाज बारीक ठेवून ऐकायचा, मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं. तासाभराने उठून बाहेर जायचं, कानांना विसावा द्यायचा. एकदम दोन बटणं फिरवायची नाहीत, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. तिने मान डोलावून ऐकून घेतलं. बटणांची नावं मात्र तिच्या तोंडी बसेनात. ती म्हणायची, "तव्यार बांगडो टाकल्यासारखा वाजता," की जयराम ट्रेबल उतरवायचा. "ताट पडला" म्हटलं की झांजेचा माइक हातभर मागे न्यायचा. "हंडयेत तोंड घालून बोलतत" म्हटलं की बास, म्हणजे खालचा आवाज, कमी करायचा. दोघांचं असं जमत गेलं. कधीकधी ती म्हणायची ते त्याला अजिबात ऐकू येत नसे, तरी तो बटणाला हात घाली. पहिल्या दिवशी त्याला ते जड गेलं. एकदा तो चिडून म्हणालाही, "काय नाय तसा, तुका भास होता." ती उठून बाहेर जाऊन बसली. अर्ध्या तासाने त्यानेच तिला परत बोलावलं.

रविवारी दुपारी एकची एसटी गेल्यावर मंडळ आत बसलं. तीनची गाडी येईपर्यंत रस्ता शांत असायचा. सुगंधाने आंबाड्यावरून हेडफोन घातला. पखवाजी दत्ताराम तिच्याकडे बघून बुवांना म्हणाला, "ह्यां काय आता?"

"तू वाजव," बुवा म्हणाले.

दोन अभंग व्यवस्थित झाले. तिसरा बुवांचा आवडता. पट्टी उतरवलेली असली तरी त्यात त्यांचा आवाज पहिल्यासारखा लागत होता, आणि त्या दिवशी तो फारच चांगला लागला. सुई जिथे असायला हवी तिथेच हलत होती. अर्ध्यावर आल्यावर सुगंधाने हात वर केला.

जयरामने तिच्याकडे बघितलं, मग सुईकडे. त्याच्या लेखी काही बिघडलं नव्हतं. बुवा डोळे मिटून गात होते. त्याने मशीन थांबवलं.

बुवा थांबले. मग दत्ताराम म्हणाला, "बुवांनू, असो अभंग रोज लागणा नाय. बाईमाणसान हात वर केल्यान म्हणान आपण गाणा थांबवचां?"

जयराम म्हणाला, "मी थांबवलंय. काय बोलाचां तां माका बोल." मग त्याने सुगंधाला विचारलं, "काय झाला?"

"टक टक करता. पखवाजाबरोबर. आदल्या दोनांत नव्हती."

त्याने टेप मागे घेतली आणि वाजवली. माणसं पुढे वाकली. जयरामला पखवाजाचे बोल तेवढे ऐकू आले, म्हणून तो टेपऐवजी समोरच्या तोंडांकडे बघत राहिला. आधी झांजवाल्याने मान वर केली. मग बुवांनी दत्तारामच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या उजव्या हातातली खड्याची अंगठी फिरून पखवाजाच्या कडेला लागत होती. दत्तारामने ती काढून खिशात टाकली आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक नीट बसली आहे का ते बोटाने दाबून पाहिलं.

"सुरवातीपासून घेवया," बुवा म्हणाले.

दुसऱ्या वेळी अभंग तसा लागला नाही. जरा कमी लागला. पण स्वच्छ होता, आणि बुवांनी त्यावर काही म्हटलं नाही. जाताना ते दारात थांबून सुगंधाला म्हणाले, "कॉपये काढूच्या आधी एकदा तू आयक गो."

ती म्हणाली, "आज नको. आता कान भरलेत. सकाळी आयकतंय." रात्रभर थांबायचा हा नियम जयरामने शिकवलेला नव्हता.

सकाळी दोघांनी ती मूळ कॅसेट शिवाच्या चहाच्या दुकानातल्या साध्या प्लेअरवर लावली. लोकांच्या घरी असेच प्लेअर असतात, त्यावर चांगली वाजली तरच ती चांगली, असं जयराम मानायचा. सुगंधा बाकावर बसून दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकत राहिली. चहा निवून गेला. मग ती म्हणाली, "देवंक हरकत नाय." जयरामने कॅसेटच्या पाठीवरचे दोन दात मोडले.

बातमी पसरायची ती पसरली. आचऱ्याच्या एका मंडळाने दुसरीकडे जायचं ठरवलं आणि तसा निरोपही पाठवला. बाकीची येत राहिली. काहींनी तर आधीच विचारून घेतलं, "वयनी आसत मां दुकानात?"

महाशिवरात्रीला दोघं कुणकेश्वरला गेली. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मंडळाच्या मांडवात बुवांची कॅसेट लागली होती. जयराम गर्दीत उभा राहिला. बुवा ऐकू येत होते, पखवाज चांगला ऐकू येत होता. झांज नव्हती. पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीची बोटं काठीच्या मुठीवर झांजेच्या लयीत हलत होती, त्यावरून त्याने ती कुठे आहे ते धरलं.

दर्शन घेऊन दोघं मागच्या बाजूने किनाऱ्यावर उतरली. ऊन कलतं होतं. सुगंधाने चपला हातात घेतल्या. लाट गडगडत आली, पायांजवळ पसरली आणि फेस ओढत मागे गेली. जयराम थांबून दोन-तीन लाटा बघत राहिला.

"परत जाताना वाजता?" त्याने विचारलं.

"कोण?"

"लाट."

सुगंधा उभी राहिली, टेप ऐकताना राही तशी, मान जराशी वाकडी करून. "वाजता. बारीक."

"कसा?"

तिला शब्द सापडायला वेळ लागला. "सुपात तांदूळ घोळवल्यासारखा."

त्याने मान हलवली. पुढची लाट आली आणि गेली. ती पार मागे जाईपर्यंत जयराम बघत राहिला.