गेमचा ठराव

"अनुमोदन कोणाचं?" केरूबाबांनी विचारलं आणि चष्म्याच्या वरून सगळ्यांकडे पाहिलं.

रश्मी लसूण सोलत होती, ती आणखी मन लावून सोलू लागली. पौर्णिमा आणि रत्नदीप एकाच सतरंजीवर बसून दोन वेगवेगळ्या फोनांत बुडाले होते. टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम घरात आणावा, अशी सूचना मांडून नरेंद्र बायकोकडे, मग मुलांकडे, मग परत बायकोकडे बघत बसला होता.

"अनुमोदन नाय, म्हणजे सूचना बारगळली," बाबा म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

"अहो बाबा, एक डबा आणायचाय टीव्हीला लावायला. धरणाची उंची नाय वाढवायची आपल्याला!"

"सभेत बोलताना उभं राहून बोलावं."

नरेंद्र तावातावाने उभा राहिला. उभं राहिल्यावर काय बोलायचं ते त्याला आठवेना, म्हणून पुन्हा खाली बसला.

भातसानगरच्या वसाहतीतलं ते घर असंच चालायचं. केरूबाबांनी धरणावर मजूर म्हणून घमेली उचलली आणि शेवटी चौकीदार म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा जीव होता गावाकडच्या बौद्ध पंचायतीत. तिथे ते कित्येक वर्षं अध्यक्ष होते. विहारावर पत्रे घालायचे असोत की जयंतीची मिरवणूक कोणत्या वाटेने न्यायची असो, सूचक, अनुमोदक, चर्चा आणि मतदान यांच्याशिवाय तिथे पान हलत नसे. "आपल्या आजापणजाला कोणी कधी काय इचारलं नाय," बाबा म्हणायचे, "आता परत्येकाचा हात मोजला जाईल." म्हणणं लाखमोलाचं होतं. फक्त ते त्यांनी घरात आणलं होतं. रविवारी सकाळी वंदना झाली की सतरंजी अंथरायची, बाबांनी भिंतीला टेकून बसायचं आणि सभा सुरू. फ्रिज असाच ठराव होऊन आला. सोफ्यावर दोन वर्षं चर्चा चालू होती आणि तोवर सगळे सतरंजीवरच बसत होते.

नरेंद्र वसाहतीचा वायरमन. त्याच्या ऑफिसात साधा होल्डर घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशनं लागत. म्हणजे दिवसा कोटेशन आणि घरी अनुमोदन. मनात आलं म्हणून या माणसाने आयुष्यात एखादी वस्तू उचलून आणली असेल, तर ती शहापूरच्या बाजारातली सुक्या बोंबलांची जुडी, आणि तीही रश्मीने नाक मुरडून शेजारी देऊन टाकली होती.

गेमचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते मुरबाडला. पूर्वी त्याच्याबरोबर कामाला असलेल्या साईनाथने तिथे घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर साईनाथच्या मुलांनी टीव्हीला तो डबा जोडला. हातात रिमोट धरून हवेत फटका मारायचा, की पडद्यावरचा चेंडू पलीकडे जायचा. आधी रत्नदीप उठला, मग पौर्णिमा उठली. मग रश्मीने पदर खोचला आणि असा काही फटका मारला की साईनाथच्या नव्या घरातली नवी फुलदाणी फुटली. पौर्णिमा हसून हसून बापाच्या खांद्याला लटकली होती. "पप्पा, तुमी बॉलकडे बघा ना! माझ्याकडं काय बघता?"

तो तिच्याकडेच बघत होता. दहावीपासून ही मुलगी जी पुस्तकात आणि फोनमध्ये शिरली होती, ती जेवायला तेवढी बाहेर यायची. जेवलीस का म्हणून विचारलं तर मान न उचलता अंगठा दाखवायची. रत्नदीप तिच्याच पावलावर पाऊल टाकून चालला होता. पण त्या दिवशी टोकावड्याच्या बाजूने आलेल्या एसटीत बसले, ते घर येईपर्यंत चौघं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चार माणसं चार कोपऱ्यांत होती. पौर्णिमाची बारावीची परीक्षा झाली होती. निकाल लागला की ती कुठेतरी शिकायला जाणार, म्हणजे हातात राहिला तो हा एक पावसाळा. तो एक पावसाळा त्याला या घरात तसला गोंधळ हवा होता. पण हे सभेत कसं मांडणार? म्हणून तो आपला "सर्वांच्या करमणुकीसाठी" असं म्हणाला आणि तोंडावर आपटला.

पुढच्या रविवारी त्याने रत्नदीपला आधीच वडापाव खिलवून अनुमोदनाला उभं केलं. तर रश्मीने उपसूचना आणली.

"गेमच्या आदी मिक्सर. भांडं गळतंय, चटणी वाटते तर निम्मी ओट्यावर येते. मी अंगणवाडीतून येऊन खपायचं आणि तुमी टीव्हीसमोर हात हलवायचे, असं जमायचं नाय."

"अगो, तुजा हात तर सगळ्यात जोरात हलत होता मुरबाडला!"

"सभेत वैयक्तिक बोलू नये," बाबा म्हणाले. मग त्यांनी नरेंद्रला फर्मावलं, "तीन कोटेशनं आण."

"घरातल्या गेमला कोटेशन?"

"तूच सांगतोस ना ऑफिसात लागतात म्हणून? मंग घर काय ऑफिसापेक्षा हलकं हाय?"

स्वतःच्याच काठीने स्वतःचं डोकं फुटलं होतं.

मे महिन्यात तो पौर्णिमाला घेऊन शहापूरला गेला. बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात गेम काचेच्या कपाटात ठेवला होता. दुकानदाराने तो काढून समोर ठेवला.

"मुलं केवढी आहेत, साहेब? त्याप्रमाणे दाखवतो."

"लहान हायेत," नरेंद्र म्हणाला.

पौर्णिमा शेजारी उभी होती. आईपेक्षा चार बोटं उंच झालेली, फोनवर कुठल्याशा कॉलेजची माहिती वाचत. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे डब्यावरची धूळ पुसली.

"कोटेशन मिळंल काय याचं?"

"कोटेशन? शाळेसाठी पायजे का?"

"नाय, घरासाठी."

"घरी कोणाला दाखवायचंय?"

"वडिलांना."

पौर्णिमाने झटकन तोंड फिरवलं आणि फ्रिजच्या रांगेकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. नरेंद्रला वाटलं, सरळ म्हणावं, हेच पायजे होतं गो मला, असं घरी हसत जा. पण दुकानदार कागद शोधत होता, तो मिळाला आणि वेळ निघून गेली.

तीन कोटेशनं आली तेव्हा बाबांनी दोन रविवार ती वाचली. मग म्हणाले, जाणकाराचं मत घ्यावं. जाणकार म्हणजे पलीकडच्या क्वार्टरमधला कुंडलिक, धरणाच्या दरवाजांवरचा ऑपरेटर. त्याने नातवंडांसाठी असाच डबा आणला होता. कुंडलिक अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दोन बशा पोहे खाऊन त्याने साक्ष दिली.

"काय सांगू बाबा. सुट्टीत पोरं आली, चार दिस खेळली, पाचव्या दिशी रिमोटवरनं मारामारी. आता आमची मंडळी त्येच्यावर घडीचे कपडे ठेवतेय. तशी वस्तू चांगली हाय. सपाट हाय."

"विषय पुढच्या सभेत," बाबा म्हणाले.

नरेंद्र पाय आपटत स्वयंपाकघरात गेला. "धरण बांधताना एवढ्या सभा झाल्या नसतील! टीव्हीतला चेंडू मारायचाय का दिल्लीला कायदा करायचाय?"

"मंग आणा की उचलून," रश्मी म्हणाली. "कोणी तुमचा हात धरलाय?"

तिचं बरोबर होतं. शनिवारी संध्याकाळी जाऊन डबा आणला असता, तर बाबांनी फार तर आठवडाभर अबोला धरला असता. पण तो जाऊ शकला नाही. त्याने एकट्याने आणला तर तो डबा त्याचा झाला असता. त्याला तो सगळ्यांचा हवा होता. शेवटी मुलगा केरूबाबांचाच. या विचाराने तर तो आणखीच चिडला आणि त्या रागात त्याने बिघाड नसलेला पंखा उघडून साफ केला.

जुलैत धरण भरत आलं आणि वायरमनला उसंत राहिली नाही. भोंग्याची वायर, दरवाजांवरचे दिवे, पाणी शिरलेले बोर्ड. रविवारीही ड्यूटी लागली, आणि सूचक हजर नसेल तर बाबा विषयच घेईनात. रत्नदीपला अकरावीबरोबर कल्याणचा क्लास लागला; तो अंधारात निघायचा आणि दिवेलागणीला पेंगत परतायचा. पौर्णिमाची यादी लागली. नागपूरच्या कॉलेजात फार्मसीला नंबर लागला. आनंद झालाच. रश्मीने वसाहतभर पेढे वाटले. नरेंद्रनेही दरवाजांच्या केबिनमध्ये नेऊन कुंडलिकला पेढा भरवला, आणि नागपूर किती लांब हाय रे, असं त्याला विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

ती निघायच्या आधीच्या रविवारी सतरंजी अंथरली गेली. कोपऱ्यात पौर्णिमाची अर्धी भरलेली बॅग उघडी पडली होती. बाबांनी विषय पुकारला. गेम.

नरेंद्र काही बोलणार तोच रश्मी उभी राहिली. रश्मी सभेत कधी उभी राहत नसे, बसूनच सगळ्यांना गार करायची.

"माजी मिक्सरची उपसूचना मी मागं घेते," ती म्हणाली. "गेम आणावा."

नरेंद्रला आधी हे खरंच वाटेना. चार महिने डोकं फोडलं आणि आता दार नुसतं ढकलल्यावर उघडलं.

मग पौर्णिमा उठली. तिने फोन सतरंजीवर पालथा ठेवला. "माझं पण अनुमोदन. आबा, पप्पांना खूप दिवसांपासून पायजे होता. मी जाणार, रत्नदीप पण दिवसभर नसतो. ड्यूटीवरून आल्यावर पप्पांना करमायचं नाय. गेम असला की त्यांचा टाइम जाईल."

"मी पण रविवारी टाइम भेटला तर खेळीन ना त्यांच्यासोबत," रत्नदीप म्हणाला. "भेटला तर."

ती तिघं एकमेकांकडे बघत नव्हती, आणि त्यावरूनच नरेंद्रला कळलं की हे आधी बोलून ठरलेलं आहे. पोर हटून बसलं की घरची माणसं म्हणतात ना, दे बाबा एकदाचं त्याला, हिरमुसलं होतंय, तसं तिघांनी मिळून ठरवलं होतं. आणि हटून बसलेलं पोर तो होता. पंचेचाळिशीचा. चार महिने नकार ऐकून त्याचं डोकं फिरलं होतं, पण हा होकार त्याला जेवढा झोंबला, तेवढा एकही नकार झोंबला नव्हता.

"ठरावाच्या बाजूनं कोण?" बाबांनी विचारलं.

रश्मीचा हात वर गेला. रत्नदीपचा गेला. पौर्णिमाने तर शाळेत करायची तसा ताठ हात वर केला आणि बापाकडे बघून हसली. बाबांनी तिघांकडे पाहिलं, खाकरले आणि स्वतःचाही हात वर केला. अध्यक्ष सहसा मत देत नसत.

"चार. विरोधात कोण?"

हा प्रश्न बाबांनी रिवाज म्हणून विचारला होता. ते पुढचा विषय काढायला वळलेसुद्धा होते. तेवढ्यात नरेंद्रने हात वर केला.

"सूचक तू हायेस," बाबा म्हणाले.

"हाय."

"सूचकानंच विरोध? असं माज्या हयातीत झालं नाय. कारण?"

नरेंद्र उभा राहिला. या वेळी काय बोलायचं ते तो विसरला नाही. "कारण काय सांगू बाबा? एकट्यानं हवेत हात हलवायला मला तो नको होता. आमी चौघं एका जागी हसत बसलो असतो, म्हणून पायजे होता. आता खेळायला घरात कोण हाय? माजी करमणूक करू नका. मला नको."

रश्मी खाली बघून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. पौर्णिमाचं हसू गेलं होतं, पण हात खाली घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

आयुष्यभर ज्यांनी एक हात इकडचा तिकडे होऊ दिला नाही, सख्ख्या भावाच्या विरुद्ध गेलेलं मतसुद्धा ज्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, त्या केरूबाबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने तो पुसला, पुन्हा लावला आणि वर असलेले सगळे हात एकेक करून मोजले. घाई केली नाही.

"चार विरुद्ध एक," ते म्हणाले. "ठराव नामंजूर."

रत्नदीपने हरकत घ्यायला तोंड उघडलं. रश्मीने त्याच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला.