पायाळू पुतळाबाईची मान

कार्ल्याच्या वरच्या वाडीत कुणाच्या पाठीत उसण भरली की तो दवाखान्याचं नाव घेत नाही, पुतळाबाईचं घेतो. पुतळाबाई पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून ती आली पायाकडून. आणि अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण पळते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुठं दुखतं, कसं दुखतं, असल्या चौकशा ती करत नसे. ‘पालथं पड’ म्हणायची, पाय लावायची, की चालली आपल्या कामाला. घ्यायची काही नाही. पण लग्नाबारशात तिला आधी पाट मिळायचा, आणि तो तिला हवाच असायचा. का नसावा? पायाळू पोरीवर वीज पडते म्हणे, म्हणून लहानपणी जरा ढग गडगडले की तिला घरात कोंडायचे. एवढं सोसल्यावर थोडं कौतुक झालं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

आणि नेमकी तिचीच मान आखडली! वाडीत दुसरं पायाळू कुणी नाही, आणि स्वतःचा पाय स्वतःच्या मानेला लावणार तरी कसा? शेक झाला, लेप झाला, काही उपयोग नाही. त्यात परवा डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन ती हायवे ओलांडत होती. उजवीकडे मान वळेना, आणि टेम्पो अगदी अंगावर आला. करवंदं रस्ताभर झाली, बाई वाचली.

“आये, आता खाली उतरायचं न्हाई. घरातच बसायचं,” मुलगा दत्ता म्हणाला. तो काळजीनंच बोलला, पण पुतळाबाईला रात्रभर झोप लागली नाही. पुन्हा कोंडून घ्यायचं? या वयात?

म्हणून ती सुनेला, बबिताला, घेऊन लोणावळ्यात चैतालीच्या दवाखान्यात आली. चैताली वराळ्याची, फिजिओथेरपी शिकलेली. तिनं मान तपासली, हाताला मुंग्या येतात का विचारलं, आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

“पालथ्या झोपा मावशी. पाठीवर काम करू.”

“पाटीवर? अगं बया, दुखतीया मान!”

“मान वळते तेव्हा पाठीचा वरचा भागही थोडा वळावा लागतो. तुमचा अगदी घट्ट झालाय, म्हणून सगळा ताण मानेवर येतोय. तो मोकळा करून बघू.”

पुतळाबाई ताठ उभी राहिली. “पाटीला हात लावाया तू पायाळू हाईस का?”

मागून बबितानं ‘हो म्हणा, हो म्हणा’ म्हणून डोळे मिचकावले. हो म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण चैताली म्हणाली, “नाही मावशी. मी डोक्याकडूनच आले. आमच्या घरात हे मानतही नाहीत. मी हे काम शिकलेय.”

पुतळाबाई तडक बाहेर जाऊन पायरीवर बसली. ही पोर नुसत्या हातानं बरं करणार असेल, तर आपल्या पायाचं काय राहिलं? तिला मनापासून भीती वाटली. उजवीकडून बस आली. ती बघायला तिला बसल्या जागी अख्खं अंग वळवावं लागलं. ती उठली, आत आली आणि टेबलावर पालथी पडली.

“दाब बाई. काय व्हयाचं ते हू दे.”

चैतालीनं खांद्यामागच्या दोन्ही खवाट्यांच्या मधे तळवे टेकवले. “श्वास सोडा,” म्हणाली, आणि हळूहळू भार दिला. एक मणका, मग त्याखालचा. कुठंतरी कट् झालं. पुतळाबाई ‘आई गं’ म्हणाली, पण हलली नाही.

उठून बसल्यावर तिनं भीत भीत मान वळवली. उजवीकडची खिडकी दिसली. पूर्ण नाही, पण दिसली. बबिता हसली. पुतळाबाईच्या डोळ्यांना मात्र पाणी आलं.

“मंग माजा पाय खोटाच म्हनायचा?”

“व्यायाम रोज करावा लागेल,” एवढंच चैताली पुटपुटली. दिवसभर वाकून तिचीही पाठ भरून आली होती. तिचा हात नकळत मागं गेला. मग तिनं कोपऱ्यातली चटई अंथरली आणि स्वतःच पालथी पडली.

“मावशी, पाय लावता?”

“आँ? तू तर मानत न्हाईस!”

“नाही मानत. पण लय दुखतंय हो.”

पुतळाबाईनं नळाखाली पाय धुतला, पदरानं पुसला. नेहमीसारखा उचलला, आणि तसाच वर धरून थांबली. आजवर तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं.

“कुटं दुखतंय गं, पोरी?”