कागदावरचं जंगल

त्या म्हाताऱ्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंतीची सरळ पाहायला दोरीला टांगतात त्या वजनासारखाच माणूस सरळ, आणि ढकलला तरी चार हेलकावे खाऊन पुन्हा सरळच. डोंगराच्या रस्त्याखाली ओढ्याचं पाणी जायला मोरी बांधायचं काम निघालं, तेव्हा त्याने मुकाट्याने खड्डा खणून घेतला. पण सिमेंटचा दोन फुटी पाइप आला तसा त्याच्यावरच ठाण मांडून बसला. हा पाइप मी घालणार नाही, म्हणाला.

पंचाईत अशी, की कामावरचा इंजिनियर त्याचाच जावई. जावयाशी भांडायचं म्हणजे मान राखून भांडायचं, त्यात अर्धा राग वायाच जातो!

रस्त्याच्या खालच्या अंगाला ओळंब्याच्या थोरल्या बहिणीचं घर. पूर्वी वर पाऊस पडला तर ओढा फुगायला दुपार उलटायची. जंगल पाणी मुरवायचं, मग सावकाश सोडायचं. तीन वर्षांत मेल्यांनी अख्खा डोंगर भादरला. आता चहा उकळेपर्यंत पाणी रस्त्यावर, आणि तिथून थेट आक्काच्या घरात. मागच्या खेपेला सत्तरीची बाई टेबलावर चढून बसली होती. आणि उन्हाळ्यात त्याच ओढ्यात अंगठा भिजेल तर शपथ.

जावयाने तक्ता दाखवला. वर जंगल असेल तर दोन फुटी पाइप, उघडा डोंगर असेल तर चार फुटी. नोंदीत जंगल आहे, त्याला मी काय करू, म्हणाला. उघडा लिहिलं तर झाडं कुठे गेली ते सांगावं लागेल, आणि तोडीवर सही मोठ्या साहेबांची.

"जावईबापू, वर जाऊन या," ओळंबा म्हणाला. "डबा खायला बसण्यापुरती सावली देणारं एक झाड दाखवा. पाइप गुपचूप घालतो."

जावई तणतणत चढला. दोन तासांनी उतरला तो घामाने निथळत, मान भाजून लालभडक. ओळंब्याने बसल्या जागेवरून पाण्याची बाटली पुढे केली.

घटाघटा पाणी पिऊन जावयाने मोरीच्या नोंदीचा फॉर्म मांडीवर घेतला, 'जंगल' खोडलं, 'उघडा' लिहिलं आणि खाली सही ठोकली. मग मात्र त्याचा चेहरा उतरला.

"साहेब विचारतील ना, झाडं कुठे गेली म्हणून."

"म्हणावं, तेच तर आम्ही विचारतोय," ओळंबा म्हणाला, आणि आता कुठे पाइपावरून उठला.