आमची बायको

लग्नाच्या दिवशी मोरेनिकेला नवरे किती मिळाले हे कोणी मोजलं नव्हतं, आणि इबादान शहरात ते मोजायची वेळ कधी येतही नाही. तिथल्या योरुबा लोकांच्या घरात सून आली की तिच्या येण्याआधी त्या घरात जन्मलेलं प्रत्येक माणूस तिचा नवरा. ज्याच्याशी लग्न झालं तो तर नवरा आहेच, पण त्याचा भाऊही नवरा, बहीणही नवरा, आणि बहिणीला मुलगी असली तर तीसुद्धा नवराच. शिवाय यांतल्या कोणालाही सुनेनं नावानं हाक मारायची नाही. म्हणून मोरेनिके आपल्या मोठ्या नणंदेला, सिजुवाडेला, 'थोरले धनी' म्हणे. खुद्द नवऱ्याला, डिरानला, 'धाकटे धनी' म्हणे. सिजुवाडेच्या सहा वर्षांच्या लेकीचे दात फार सुंदर होते, म्हणून ती 'मोतीदाते धनी'.

उलट घरातली सगळी माणसं मोरेनिकेला 'आमची बायको' म्हणत. सिजुवाडे एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिचा आवाज त्या पदाला शोभेल असाच होता. भर बाजारात ती मासळीवालीला बजावायची, "आमच्या बायकोला काट्यांची भीती वाटते, नीट निवडून दे!" मासळीवालीला त्यात काही वावगं वाटत नसे.

वावगं वाटलं ते कॅनडा सरकारला.

मोरेनिके लग्नानंतर लगेचच सॅस्कटूनला आली होती. साठवलेल्या गव्हाला लागणारे किडे हा तिचा अभ्यासाचा विषय. लग्न आणि विमान यांच्यामध्ये जे थोडे दिवस मिळाले, तेवढे दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्या दिवसांतली एक गोष्ट तिच्या मनात सलत राहिली होती, आणि ती इतकी क्षुल्लक होती की कोणाला सांगायचीही लाज वाटावी. डिराननं तिला एकदाही 'माझी बायको' म्हटलं नव्हतं. थोरांच्या देखत 'माझी' म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या ताटातला मटणाचा तुकडा एकट्यानं उचलण्यासारखं. ते तिलाही कळत होतं. पण त्याला सवयच अशी लागली होती की खोलीचं दार लावल्यावरही तो म्हणाला, "आमच्या बायकोला झोप आलीय वाटतं," आणि मोरेनिकेनं दचकून मागे पाहिलं होतं, आणखी कोण आत आलं म्हणून.

सॅस्कटूनमध्ये ती एफुआच्या घरात एक खोली घेऊन राहत होती. एफुआ घानाची. तिनंही शिकता शिकता आपल्या नवऱ्याला, क्वाबेनाला, इकडे आणलं होतं. क्वाबेना रात्री गोदामात काम करी आणि दिवसा पांघरूण अंगावर घेऊन घरभर हिंडे.

"तीन वाटा आहेत," एफुआनं तिला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. "एक, पाहुणा म्हणून बोलव. दोन, त्यालाच इथे कुठेतरी शिकायला घाल. तीन, शिकणाऱ्या बाईचा नवरा म्हणून कामाचा परवाना माग. तुझा अभ्यासक्रम त्यात बसतो."

"शिकायला नको. शाळेतलं गणित अजून त्यांच्या स्वप्नात येतं."

"मग करतो काय तो?"

"एसी दुरुस्त करतात."

एफुआनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्फात गाड्या ओळखू येत नव्हत्या. "थंड हवेची यंत्रं," ती म्हणाली. "इथे. छान. पोट भरेल त्याचं."

"उगाच चिडवू नकोस तिला," पांघरुणातून क्वाबेना म्हणाला. "एसी उलटा लावला की गरम हवा येते. मी स्वतः येईन पहिलं गिऱ्हाईक म्हणून."

आधी सोपी म्हणून पाहुण्याची वाट धरली. डिराननं अर्ज स्वतः भरला. येण्याचं कारण काय, तर 'बायकोजवळ राहणे'. परत कधी जाणार, तर 'बायको जाईल तेव्हा'. मुदत संपल्यावर हा गृहस्थ देश सोडेल अशी खात्री वाटत नाही, असं कळवून सरकारनं अर्ज नाकारला. एफुआ म्हणाली, यात सरकारची काही चूक नाही.

मग तिसरी वाट. या खेपेला मोरेनिकेनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात शेतावरचं काम सुरू व्हायचं होतं आणि प्राध्यापकबाई विचारत होत्या, तू आहेस ना नक्की? मोरेनिकेनं एफुआला सांगितलं, "हाही नाकारला तर मी अभ्यास सोडून घरी जाणार. किडे काय, इबादानमध्येही आहेत."

"अगं, वर्ष वाया जाईल."

"गेलं तर गेलं. मला लग्न झाल्यासारखं वाटतच नाही. शिष्यवृत्ती मिळाल्यासारखं वाटतं. घरातले सगळे चौकशी करतात, पण जवळ कोणी नसतं."

अर्जाला लग्नाचा दाखला होताच, पण लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो, एकमेकांना पाठवलेले संदेश आणि घरच्यांची पत्रंही जोडायची होती. फोटोंची अडचण झाली. मागणीच्या समारंभात नवरदेवानं सासूसासऱ्यांपुढे पालथं पडायचं असतं. डिरान इतका मनापासून पडला होता की बऱ्याचशा फोटोंत त्याची फक्त पाठ आली होती. ती कसर संदेशांनी भरून काढू, असं मोरेनिकेला वाटलं. फोनवरच्या घरगुती गटातला सगळा पत्रव्यवहारच तिनं इंग्रजीत उतरवून जोडला. आणि सिजुवाडेनं शाळेच्या कागदावर, स्वतःच्या वळणदार अक्षरात, घरातर्फे पत्र दिलं.

काही आठवड्यांनी सरकारचा निरोप आला. पतिपत्नी दोघांनीही अमुक दिवशी व्हिडिओवर मुलाखतीस हजर राहावं. अर्जदार बाईंना एकूण पती किती, याचा खुलासा हवा आहे.

अर्जाला जोडलेले कागद एफुआनं मागून घेतले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मोठ्यानं वाचू लागली.

"'आज माझ्या नवऱ्याचा पुढचा दात पडला. मुळीच रडला नाही, शहाणा आहे.'" तिनं मान वर केली. "कोण गं हा?"

"मोतीदाते धनी. थोरल्या धन्यांची मुलगी."

"'नवऱ्याला जंताचं औषध दिलं का?' हीच का?"

"हीच."

"'माझा नवरा नाताळच्या कार्यक्रमात गुलाबी फ्रॉक घालून नाचला. इतका गोड दिसत होता!'" एफुआला पुढे वाचवेना. पत्र क्वाबेनानं तिच्या हातातून घेतलं.

"'मी, खाली सही करणारी सिजुवाडे, मोरेनिकेचा थोरला नवरा आहे. आम्हा सर्व नवऱ्यांचं तिच्यावर फार प्रेम आहे. आम्हा भावंडांतल्या सर्वांत धाकट्या नवऱ्याला आम्ही तिच्याकडे पाठवत आहोत.'" त्यानं कागद खाली ठेवला. "बाई गं! इतके नवरे, आणि सॅस्कटूनच्या थंडीत एकटीच?"

"हसू नका हो. नाकारतील ते," मोरेनिके म्हणाली आणि खुर्चीत बसली.

एफुआनं डोळे पुसले आणि गंभीर झाली. "सरळ सांग. नवरा एकच. बाकीचे नात्यातले. एका वाक्याचं काम आहे."

"मुलाखत थोरल्या धन्यांच्या घरून आहे. वीज गेली तर बॅटरी फक्त त्यांच्याकडेच आहे. त्या शेजारी बसलेल्या असणार. त्यांच्या तोंडावर म्हणू, तुम्ही माझे कोणी नाही?"

"नवरा नाही एवढंच म्हणायचं."

"आमच्यात ते एकच होतं गं."



मुलाखतीच्या सकाळी पडद्यावर आधी अधिकारी बाई आल्या. पेलतिए त्यांचं आडनाव. केस पिकलेले, आवाज सभ्य, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग इबादानची चौकट उघडली. डिरान टाय बांधून ताठ बसला होता. टायची गाठ वाकडी होती, त्यानं स्वतः बांधलेली दिसत होती. चौकटीच्या कोपऱ्यात निळ्या, कडक डोईपट्ट्याचं एक टोक हलत होतं. थोरले धनी हजर होते.

"श्रीमती मोरेनिके, या कागदांवरून मला तुमचे निदान चार पती दिसतात. एकाचे दुधाचे दात पडताहेत. याबद्दल काय सांगाल?"

मोरेनिकेनं रात्रभर घोकलेलं वाक्य आठवून पाहिलं. निळं टोक स्थिर झालं होतं. "बाई, आमच्या भाषेत नवरा हा शब्द जरा... मोठा आहे," ती म्हणाली. "त्यात घर मावतं."

"म्हणजे बाकीचे नातेवाईक आहेत. पती नाहीत. बरोबर?"

मोरेनिकेची नजर पुन्हा निळ्या टोकाकडे गेली.

पेलतिए बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. ते लिहिणं मोरेनिकेला आवडलं नाही. मग त्या दुसऱ्या चौकटीकडे वळल्या. "श्रीमान डिरान, या तुमच्या पत्नी आहेत?"

"हो, मॅडम. आमची बायको आहे."

"आमची म्हणजे कोणाची?"

"घराची, मॅडम."

"मी घराला परवाना देत नाही. माणसाला देते. या तुमच्या पत्नी आहेत का?"

"आमचीच आहे, मॅडम," डिरान म्हणाला आणि चोरून डावीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"तुम्ही डावीकडे कोणाकडे पाहता आहात? कोणी उत्तरं सांगतंय का?"

"नाही, मॅडम."

पेलतिए बाईंनी चष्मा काढला. "मग माझ्यापाशी आणखी प्रश्न नाहीत. मला वाटतं आपण इथेच थांबू."

मोरेनिकेला तिकिटाचे, सामानाचे, प्राध्यापकबाईंच्या उतरलेल्या चेहऱ्याचे विचार एकदमच सुचले. बाईंचा हात बटणाकडे गेला.

"माझी!" डिरान ओरडला. "माझी बायको आहे, मॅडम. माझी. एकट्याची!"

 मग चौकटीत निळा डोईपट्टा आला, आणि त्याच्याखाली सिजुवाडे.

"एकट्याची?" ती योरुबात म्हणाली. "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"ताई, आत्ता नको गं. मॅडम बघताहेत."

"बघू देत! तिच्या आईबापापुढे पालथा पडलास तेव्हा एकटा पडला होतास का रे? मागे भाऊ, चुलतभाऊ, शेजारचा सुतारसुद्धा पालथा पडला होता! ताप आला तिला तेव्हा तिखटजाळ पेपेसूप कोणी केलं? तू? तुला मीठ कुठे ठेवतात ते ठाऊक आहे का?"

"सूप तूच केलंस, ताई. कोण नाही म्हणतंय?"

"मग एकट्याची कशी?"

"पालथे सगळे पडलो," डिरान म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "पण फोन ठेवल्यावर तुम्ही सगळे झोपता. मी झोपत नाही. ते मी एकटा करतो. तेवढी तरी मला माझी म्हणू दे!"

"हे काय चाललंय?" पेलतिए बाईंनी विचारलं. "श्रीमती, मला भाषांतर करून सांगा."

"त्या म्हणतात," मोरेनिके म्हणाली, "लग्नात शेजारचा सुतारही पालथा पडला होता."

"आणि श्रीमान काय म्हणाले?"

मोरेनिकेनं सांगायचा प्रयत्न केला, पण 'मी झोपत नाही' या वाक्याशी आल्यावर पुढचं तिला सांगताच आलं नाही. ती नुसतीच हातानं थांबा थांबा करत राहिली.

पेलतिए बाई थांबल्या. तिकडे भांडण अजून चालूच होतं, आणि सिजुवाडे एव्हाना डिरानच्या टायची गाठ सोडून नव्यानं बांधत होती, तेही बोलता बोलता.

"पाठ करून आलेली जोडपी मला रोज भेटतात," शेवटी बाई म्हणाल्या. "भांडण पाठ करून येणारं अजून कोणी भेटलं नव्हतं. श्रीमान, तुमचं उत्तर मी लिहून घेतलं आहे. पासपोर्ट मागवण्यात येईल. एक सांगा, तो दात पडलेला..."

"भाची आहे, मॅडम. सहा वर्षांची."

"म्हणजे पती नव्हे."

"आहे!" सिजुवाडे इंग्रजीत म्हणाली. बाईंनी चौकट बंद केली.

परवाना आला. एफुआनं कोंबडी केली, क्वाबेनानं पांघरूण काढून नाच केला. डिरान फोनवर चार वेळा 'माझी' म्हणाला, प्रत्येक वेळी आवाज आणखी खाली आणून, कारण सिजुवाडे शेजारच्या खोलीत त्याची बॅग भरत होती. भरत होती, पण बोलत नव्हती. त्याच्याशीही नाही आणि मोरेनिकेशीही नाही.

आठवडाभर वाट पाहून मोरेनिकेनंच शाळा सुटायच्या सुमाराला फोन लावला आणि पडद्यावर थोरल्या धन्यांचा चेहरा दिसताच रिवाजाप्रमाणे खोलीतल्या सतरंजीवर गुडघे टेकले.

"ऊठ," सिजुवाडे म्हणाली. "तिथली जमीन थंड असते."

"धनी, तुम्ही रागावलात."

"मी कशाला रागावू? एकट्याची आहेस ना? मग तो एकटा काय ते करील. तू आजारी पडलीस की तो. तुझे किडे मेले की तो."

"किडे मेलेलेच चांगले, धनी."

"मला शिकवू नकोस. आणि तुमचं भांडण झालं तर मला फोन करायचा नाही. सांगून ठेवते."

"बरं."

 सिजुवाडेच्या मागे कुठेतरी मुलांचा गोंगाट चालला होता, तिकडे वळून तिनं कोणालातरी दम दिला, आणि परत पडद्याकडे पाहिलं.

"त्याची चूक असली तर करायचा," ती म्हणाली. "आणि चूक त्याचीच असणार. पण घंटा व्हायच्या आत नको, वर्ग चालू असतात. ऐकलंस का, बायको?"