भामाच्या वाडीवरची कुदळ

मी एक जुनी कुदळ आहे, मित्रांनो, आणि मला मातीची भीती वाटते. हसू नका. आधी सगळे ऐकून घ्या.

पनवेलच्या बाजारातल्या एका लोहाराने मला घडवले, बाभळीचा दांडा बसवला आणि खांदा कॉलनीतल्या बिल्कीसने मला घरी नेले. कॉलनीतल्या काही जणांनी मिळून एक बाग फुलवली होती. तिथे मी गुलाबांना आळी करायचे, लिंबाच्या मुळाशी माती भुसभुशीत करायचे. बँकेतून निवृत्त झालेले एलियासअंकल मला धुऊन-पुसून ठेवायचे. "हिच्यासारखी धार नाही," असे म्हणायचे. मला फार बरे वाटे.

गेल्या वर्षी जुलैत दरड कोसळली आणि डोंगराच्या पायथ्याची एक वाडी अर्धी गाडली गेली. आमची बागेची मंडळी मदतीला निघाली. परसातला गाळ उपसायचा, भाजी लावून द्यायची आणि उतारावर वाळा लावायचा, म्हणजे त्याची मुळे माती धरून ठेवतील.

ती माती वेगळीच होती. पुढच्या घावाला काय लागेल, याचा धसका असायचा. एकदा एक चप्पल लागली. बिल्कीसने मला तिथेच टाकले.

"गोदूची हाय," ओट्यावर बसलेली त्या घरातली भामा म्हणाली.

गोदू तिची जाऊ. दरडीत गेली होती.

पुढे वाफ्यांत भेंडी उगवली, वाल उगवला. भामा मात्र परसात पाय ठेवीना.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या सकाळी उघडला. आम्ही उतारावर वाळा लावत होतो. बिल्कीसने घाव घातला, तसे खड्ड्यातून गढूळ पाणी उसळले. शेजारच्या खड्ड्यातही तेच. माझ्या पात्याखाली माती सरकली. मला कळले, पण मी सांगणार कशी?

भामा खालून धावत आली.

"ताई, खाली चला! मागल्या येळेला असाच पानी आलता!"

"दोनच ओळी राहिल्यात, भामाबाई," एलियासअंकल म्हणाले. "पाऊसही थांबलाय."

"आमी काय येडी हाव? गोदू बी हेच सांगत व्हती. कोनी ऐकला नाय!"

बिल्कीसने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"या अल्लाह! अंकल, चला. आधी माणसं बाहेर काढू."

घरोघरी हाका गेल्या. माणसे मुलांना काखोटीला मारून रस्त्याकडे पळाली. म्हाताऱ्या शिवाचे दार मात्र उघडेना. भिंत कलून चौकट दबली होती. आतून तो दार बडवत होता. एलियासअंकलनी मला उचलले. त्यांचे हात घामाने निसटत होते. पहिल्या घावाला फळी फुटली, दुसऱ्याला माझा दांडा तडकला, तिसऱ्याला फट मोठी झाली. शिवाला दोन्ही दंडांना धरून बाहेर ओढले आणि सगळे पळत सुटले. मी अंकलच्या मुठीत तशीच राहिले.

आधी आवाज आला नाही. आधी उतारावरची झाडे उभीच्या उभी चालू लागली. मग आवाज आला.

तीन घरे गेली, सगळे वाफे गेले. माणूस एकही गेले नाही. एलियासअंकल रस्त्यावरच बसले.

"मी दोनच ओळी राहिल्यात म्हणत होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्यानंतर कित्येक महिने, वाडीतली माणसे ज्या शाळेत राहत होती, तिच्या ओसरीत मी मोडून पडले होते. गंजले. राग नाही, त्या दिवसांत कुदळीची आठवण कोणाला येणार? वाडीला रस्त्यापलीकडे सपाट जागा मिळाली, तेव्हा बिल्कीसने मला शोधून नवा दांडा बसवला. मंडळी पुन्हा वाफे खणायला जमली.

"आना ती इकडं," भामा म्हणाली.

तिचे हात गार पडले होते. तरी तिने घाव घातला.

मित्रांनो, अवजारे पुसून कोरडी ठेवा, गंजू देऊ नका. पण माझे खरे मागणे दुसरेच आहे. घाबरलेले माणूस काही सांगत असेल, तर त्याला वेड्यात काढू नका. भामा अजूनही खणता खणता मध्येच थांबते आणि डोंगराकडे पाहते. तेव्हा आमची सगळी मंडळी हातातले काम थांबवतात आणि तिच्याबरोबर कान देऊन ऐकतात.