घसा बसलेल्या सरांची सहल

उन्हाळी शिबिराची सहल निघाली आणि नेमका त्याच सकाळी इतिहासाच्या सरांचा घसा बसला. आदल्या दिवशी त्यांनी मुलांसमोर एक अख्खी लढाई दोन्ही बाजूंनी ओरडून लढवली होती, त्याचा हा परिणाम. तोंडातून नुसती हवा येत होती. लिहून द्यावं म्हटलं, तर त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शेवटी मुख्य बाईंनी चित्रकलेच्या ताईंना पुढे ढकललं.

"सर हातवारे करतील, तू शब्दांत सांग. त्यात काय एवढं?"

ताईंना इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नाही म्हणणंही त्यांना कधी जमलं नव्हतं.

किल्ल्याच्या दरवाज्यात सरांनी वरच्या भोकाकडे बोट दाखवलं, काहीतरी जड उचलून खाली ओतल्यासारखं केलं आणि चेहरा वेडावाकडा केला.

"इथे राणीची आंघोळ व्हायची," ताई म्हणाल्या.

"दरवाज्यात?" दोन वेण्यांवालीने विचारलं.

"हो. पाणी फार गार असायचं," सरांच्या चेहऱ्याकडे बघत ताईंनी ठोकून दिलं.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"त्यामुळे तिचं डोकं दुखायचं."

उकळतं तेल अंगावर पडलेला शत्रू कसा उड्या मारायचा, तेही सरांनी जीव तोडून करून दाखवलं. त्यावर राणी नाचायचीही, असं ठरलं. मुलं खूश होती. एरवी जांभया देणारा दांडगोबासुद्धा पुढे येऊन उभा राहिला.

मग सगळे किल्ल्यामागच्या झऱ्याकडे निघाले. कड्याखाली सर एकदम थबकले. वर पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, हात फडफडवले.

"इथे पक्षी फार," ताई म्हणाल्या. "मोठ्याने हाका मारा, ओ देतील."

मुलांनी रान दणाणून सोडलं. सर मटकन खाली बसले.

"ताई," चष्मेवाली हळूच म्हणाली, "सर इतिहास सांगत नाहीयेत. ते घाबरलेत."

ताईंनी वर बघितलं. कड्याला पोत्याएवढं मधमाश्यांचं मोहोळ लटकत होतं आणि ते आता गुणगुणू लागलं होतं. ताईंच्याही तोंडून शब्द फुटेना. त्यांनी नुसता हात हलवला आणि त्याचा अर्थ मात्र सगळ्यांना बरोबर कळला. मुलं बसपर्यंत धावली. सर सर्वांत शेवटी आले, तेही लालबुंद सुजलेला कान घेऊन.

बसमध्ये ताईंनी त्यांच्या कानाला गार पाण्याचा रुमाल लावला. "चुकलं माझं, सर."

सरांनी कानाकडे बोट दाखवलं, मग ताईंकडे, आणि मग बराच वेळ हात नाचवले.

"काय म्हणतायत?" मुलांनी विचारलं.

"हे मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या.

सरांचे खांदे गदागदा हलायला लागले. ते रडतायत की काय, म्हणून ताई वाकून बघतात तर काय, सर आवाजाविना हसत होते.

दोन दिवसांनी सरांचा घसा मोकळा झाला. सरांनी मुलांना बसवून तेलाची खरी हकीकत सुरू केली. थोड्याच वेळात दांडगोबाने जांभई दिली.

"सर, सहलीत सांगितलं तसं सांगा ना."

सरांनी ताईंकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला, तोंड मिटलं आणि हवेतली तेलाची कढई उचलली.