जुनी की जून?

मी एक जुना एमपीथ्री प्लेयर आहे. निदान सगळे तसं म्हणतात. माझा देह चीनमधल्या कारखान्यात जुळला, गाणं आवळून लहान करायची माझी विद्या म्हणे इथे जर्मनीतच शोधली गेली, आणि पोटात गाणी भरली सांगलीत. आता कुणी विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?" तर मी काय सांगू? मित्रांनो, माझा हा असा पहिल्यापासून गोंधळ आहे. जरा सांभाळून घ्या.

सांगलीत नागेशरावांचं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने दोन ओळी गुणगुणल्या की ते मागे न बघता फळीवरून नेमकी कॅसेट काढत. मग सीड्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ आम्ही आलो. शेजारच्या गल्लीतला एक जण कॉम्प्युटरवरून पाच मिनिटांत दीडशे गाणी उतरवून देऊ लागला. मग दहा गाण्यांची कॅसेट कोण घेणार? मोठ्या कंपन्या आम्हाला चोर म्हणाल्या. पुढे त्याच कंपन्या आमच्यासाठी एकेक गाणं सुटं विकू लागल्या. म्हणजे मी चोर की दुकानदार? अजून मला ते कुणी समजावलेलं नाही. नागेशरावांचं दुकान मात्र बसलं ते बसलंच.

आणि त्याच नागेशरावांनी मला विकत आणलं! त्यांची मुलगी शुभा जर्मनीतल्या आखन शहरात इंजिनिअरिंग शिकायला निघाली होती, तिच्यासाठी.

"अहो, ज्याने दुकान बुडवलं त्यालाच घरात आणलंत?" सुरेखाताई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

"त्या बिचाऱ्याला काय कळतंय? आपण भरू ते तो गाणार," नागेशराव म्हणाले.

मग आठवडाभर बंद दुकानात बसून त्यांनी कॅसेटवरची गाणी माझ्यात उतरवली. प्रत्येक गाण्याआधी माईकवर स्वतः बोलले. कुठल्या गाण्याला सतारवाला चुकलाय, कुठलं गाणं शुभा लहानपणी बोबडं म्हणायची, सगळं सांगितलं. माझ्यात मराठी अक्षरं उमटत नसत. म्हणून त्यांनी एका बोटाने इंग्रजी अक्षरं टाइप करून दोन कप्पे केले. सीडीवरच्या नव्या गाण्यांचा NAVI आणि कॅसेटवरच्या जुन्या गाण्यांचा JUNI.

आखनमध्ये माझे फार लाड झाले. बसमध्ये, सायकलवर, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये मी शुभाच्या खिशात असे. परीक्षेच्या सकाळी ती JUNI लावायची. गाणं नाही, नुसतं त्याआधीचं बोलणं ऐकायची आणि पुढचं गाणं घ्यायची. मी चक्रावून जायचो. गाण्यासाठी मला बनवलं आणि ही गाणीच टाळते!

चार वर्षांनी नागेशराव वारले. कॅसेटी भंगारात गेल्या. त्यांचे फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र फक्त माझ्यात उरला. त्यानंतर शुभाने मला ड्रॉवरमध्ये ठेवलं, मऊ कापडात गुंडाळून. बाहेर म्हणे फोनच गाऊ लागले. सगळी गाणी कुठेतरी आभाळात असतात, दरमहा वर्गणी भरली की ऐकायला मिळतात. मग ती गाणी कुणाची? माझ्यात होती तोवर शुभाची होती. आता माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

गेल्या मार्चमध्ये माझी बॅटरी फुगली. शुभाची मुलगी उर्जा बारा वर्षांची आहे. ती आखनमध्येच जन्मली. मराठी सगळी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. शुभा तिला म्हणाली, "यातलं सगळं कॉम्प्युटरवर घेशील, पिल्ला? मग बाबा हा वेर्टश्टोफहोफला देऊन येईल." वेर्टश्टोफहोफ म्हणजे जुन्या वस्तू नेऊन द्यायचं नगरपालिकेचं आवार.

उर्जा गुणी मुलगी. तिने कप्पे वाचले. जर्मनमध्ये नावी म्हणजे गाडीतलं रस्ता दाखवणारं यंत्र. तिला वाटलं, ही गाडीत ऐकायची गाणी. ती तिने नीट उतरवून घेतली. आणि JUNI? जर्मनमध्ये यूनी म्हणजे जून महिना! कुठल्यातरी जूनमधली ही गाणी. एकही न लावता तिने नुसती नावं पाहिली, तर सगळी फोनवर मिळत होती, तीही खरखरीशिवाय. आईच्या वाढदिवसाला तिने त्यांची सुंदर यादी केली. आणि वस्तू देऊन टाकण्याआधी ती कोरी करायची असते, असं शाळेत डाटेनशुत्सच्या, म्हणजे आपली माहिती जपण्याच्या तासाला शिकवलेलं. म्हणून तिने मला पुसून कोरं केलं.

वाढदिवसाला शुभाने यादी लावली. एक गाणं संपलं, लगेच दुसरं सुरू झालं. मध्ये काहीच नाही.

"उर्जा, बाबा कुठायत गं?"

"पापा? इन डेअर क्यूशे," स्वयंपाकघरात, उर्जा म्हणाली.

"तुझे नाही, माझे!"

उर्जाचा चेहरा पांढरा पडला. शुभा ओरडली नाही, मटकन खाली बसली आणि रडली. मला रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

उर्जाचे बाबा, हृषिकेश, धावत आले. "थांबा, कुणी त्यात काही भरू नका. पुसलेलं लगेच जात नाही." म्हणजे जे माझ्यात नाही ते माझ्यातच आहे? अरे देवा! दोन दिवस त्यांनी मला तारेने बांधून खणलं. चौसष्ट गाण्यांपैकी एक हाती लागलं, तेही अर्धवट. पण सुरुवात शाबूत होती.

"शुभे, ऐकतेस ना? आता ही बाजू संपली. उलटी करून घाल." मग थोडी शांतता. "अरेच्चा, याला बाजूच नाही की! बरं बरं. चालू दे."

शुभा रडता रडता हसली. उर्जाने आजोबांचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. तिने तो पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. मग हळूच, मराठीत म्हणाली, "आई, बाजू म्हणजे काय?"

शुभाने तिला जवळ ओढलं आणि सांगायला बसली. संध्याकाळ संपली तरी सांगणं संपेना. मला आवारात न्यायचं त्या दिवसापुरतं तरी राहिलं.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. गाणं कुणाचं, मी कुठला, मला खरंच ठाऊक नाही. एकच विनवणी करतो. कुणाचं काही पुसण्याआधी त्याला विचारा, यात काय आहे. उर्जानेही विचारलं, पण त्रेसष्ट गाणी गेल्यावर.